जैबून, तुझं नाव मी सांगितलं

जैबून,

सुशीचा फोन वाजला की अजून मी तो लगेच उचलत नाही. पूर्वी तिचा फोन म्हणजे हसण्याचा आवाज असायचा आणि मागून तुझा, 'दे हिकडं, मी बोलतो ताईसंगं.' आता मी आधी श्वास धरते आणि मग फोन उचलते. काल तिनं फक्त मी जेवले का एवढंच विचारायला केला होता. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'मग ठीक हाय.' त्यानंतर फोन ठेवायचं कुणालाच सुचेना.

तू गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस व्हायचाय अजून. त्याआधी तुझ्याशी एकदा बोलून घ्यायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू नको म्हणत होतीस तेच मी करून बसले आहे.

आपली ओळख रंकाळ्यावरची. मी अकोल्याची. शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, नकाशावर काठी ठेवून मुलांकडून नद्या पाठ करून घेतल्या, आणि स्वतः मात्र त्यातली एकही धड पाहिलेली नव्हती. निवृत्त झाल्यावर ठरवलं, एसटीचं अर्धं तिकीट काढायचं आणि एकेक गाव बघत सुटायचं. कोल्हापूरला तीन दिवसांसाठी म्हणून आले होते. रविवारची दुपार होती. तळ्याकाठच्या बागेत सावलीतलं एकच बाक होतं आणि त्यावर मी पिशवी, छत्री, पाण्याची बाटली सगळं पसरून बसले होते. तू लांबूनच ओरडलीस, 'ओ पावणं, सरा की जरा! बाक काय लिवून घेतलंय व्हय?'

मी दचकून मागं पाहिलं. कुणा पुरुषाला म्हणत असशील असं वाटलं. मग कळलं की पावणं म्हणजे मीच. मी सरकले, तर तू शेजारी टेकून भडंगाची पुडी माझ्यापुढं धरलीस. 'खावा. तिखट हाय, पर मरत न्हाई मानूस.' मला ठसका लागला आणि तुम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात.

तिघी म्हणजे तू, सुशी आणि शांतव्वा. सुशी चंदगडची, शांतव्वा निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, तू गारगोटीकडची. तिघी तीन घरांत राहून म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या. अंघोळ, औषध, जेवण, रात्रीची उठबस, सगळंच. एकाआड एका रविवारी तुम्हाला सुट्टी मिळायची, सकाळच्या जेवणानंतर ते संध्याकाळी पाचपर्यंत. तेवढ्या वेळात तुम्ही जगातलं सगळं बोलून घ्यायचात. तू 'मी जातो, मी येतो' असं बोलायचीस, आणि मला आधी वाटलं की गंमत करतेस. मग सुशीही तसंच बोलली. इकडच्या बायका असंच बोलतात हे भूगोलाच्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली. सुट्टी असूनही तू सैल बसत नव्हतीस. फोन मांडीवर, तोंड वर करून ठेवलेला. हसता हसता नजर त्याच्यावर. तो वाजला तशी तू ताडकन उभी राहिलीस, पदर सारखा केलास, जणू समोरून कुणी बघतंय. 'व्हय वैनी, जयाच बोलतो. आज्जीची गोळी? डब्यात हाय की, पिवळ्या झाकनाच्या.'

फोन ठेवल्यावर मी विचारलं, 'जया कोण?'

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. शांतव्वानं कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटलं. तू मात्र सरळ माझ्याकडं बघितलंस. 'कामाचं नाव हाय ते. घरचं जैबून.'

एवढंच. जसं काही कामाची साडी वेगळी आणि घरची वेगळी.

तीन दिवसांऐवजी मी सहा दिवस राहिले. अकोल्याला परत गेले ती तुमच्या पुढच्या सुट्टीचा रविवार डोक्यात ठेवूनच. मग येतच राहिले. कधी सांगलीवरून, कधी बेळगाववरून, कधी कोकण बघून परत जाताना. माझी मुलगी म्हणायची, 'आई, तू महाराष्ट्र बघतेस की कोल्हापूर?' मी तिला काय सांगणार? तुमच्या त्या बाकावर मला कुणी शाळेतली बाई म्हणून मान देत नव्हतं, कुणी निवृत्त म्हणून कीव करत नव्हतं. तू मला ताई म्हणायचीस आणि रागावलीस की पावणं म्हणायचीस. तेवढ्यावरून मला तुझा मूड कळायचा.

जयाची गोष्ट तू मला तुकड्यातुकड्यानं सांगितलीस. घरोघरी कामाला बायका देणारी एक बाई होती. तिनं तुझं नाव ऐकलं आणि म्हणाली, 'काम पायजे तर जया सांग. म्हातारी सोवळ्यातली हाय.' तुझं आधार कार्ड तिनं स्वतःकडंच ठेवलं. सुशी आधीपासून त्या घरातल्या वहिनींच्या नणंदेच्या घरी कामाला होती, तिनं 'आमच्या गावची हाय' अशी खात्री दिली. झालं, तू जया झालीस. इचलकरंजीला दिलेली तुझी नसीम त्या घरापुरती नीलम झाली.

आणि देवघर तुझ्या हाती आलं. आज्जींना उठवत नव्हतं, वहिनींना सकाळी शाळेत जायची घाई, म्हणून फुलं, दिवा, नैवेद्य सगळं तुझ्याकडं. तू मला सांगायचीस, 'ताई, समई लावताना हात थरथरतो माजा. देव काय म्हंतोय त्याचं भ्या न्हाई. त्यो वळखतोच की. मानसांचं भ्या हाय.' आज्जी पलंगावरून सांगायच्या, जया, जास्वंद उजवीकडं ठेव, जया, घंटा हळू वाजव. त्या म्हातारीवर तुझा फार जीव होता. तिला भात भरवताना तू मारायचीस त्या गप्पा तू आम्हाला करून दाखवायचीस, तिचं तोंड वाकडं करणं, तुझं दटावणं. 'माजी आई असती तर एवढं केलं नसतं,' म्हणायचीस आणि लगेच कानाला हात लावायचीस.

रमजानात तर माझाच जीव टांगणीला लागायचा. तू त्या घरात पूर्ण रोजे धरायचीस. पित्त झालंय, दुपारी जेवत न्हाय, असं सांगून ठेवलेलंस. संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जायचं निमित्त करायचीस आणि चादरीच्या आडोशाला उभी राहून खजूर तोंडात टाकायचीस. एकदा वहिनी मागोमाग वर आल्या. 'काय खातेस गं?' तू बी थुंकायच्या आत गिळलंस. 'काय न्हाई वैनी, आवळा हाय, पित्तावर.' तू ही गोष्ट सांगत होतीस तेव्हा सुशी हसून लोळत होती. मी हसले नाही. मला तुझ्या घशात अडकलेलं ते बी दिसत होतं.

त्याच दिवशी आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, 'तू सांगून का टाकत नाहीस? इतक्या दिवसांत त्यांना तू कळली आहेस. आज्जींचं तुझ्यावाचून पान हलत नाही. सांग एकदाचं आणि मोकळी हो.'

तू भडंगाची पुडी चुरगळलीस. 'पावणं, तुमी चार दिस येता आन जाता. तुमाला मोकळं व्हायला काय लागतंय?'

'पण असं किती दिवस भीत राहणार?'

'भ्याची सवय हाय मला. कामाविना ऱ्हायची सवय न्हाई.' मग म्हणालीस, 'सांगून बगू? आन त्या म्हनल्या, ठीक हाय जैबून, तरी आज्जी? आज्जीला काय वाटंल? तिच्या देवाला कुनी हात लावला म्हनून ती जेवायची बंद झाली तर? न्हाई ताई. हे माज्या मेल्यावर बी कुनाला सांगू नगा.'

मी चिडून म्हटलं, 'मेल्यावर कसली भीती?'

'मला न्हाई. सुशीला हाय. तिनं गवाई दिलीया न्हवं माजी?'

सुशी खाली बघून गवत उपटत बसली.  मी मात्र हार मानली नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत मी तेच उकरून काढायचे आणि तू मला पावणं म्हणायला लागायचीस.

पन्हाळ्याची तुला आठवण असेलच. श्रावणात एका रविवारी मीच हट्ट धरला की नेहमी रंकाळा काय, चला गडावर. तू नको नको म्हणत होतीस. पण वर धुक्यात शिरल्यावर लहान पोरीसारखी पळत सुटलीस. तिथल्या पायऱ्या चढताना मात्र मध्येच बसलीस, छातीवर हात ठेवून. ओठ निळसर दिसले मला. 'दम लागलाय जरा,' म्हणालीस. 'मोटी झालोय मी, बसून खाऊन.' तू आणि बसून खाणं!

मग परतीची बस आली नाही. साडेतीन वाजले, चार वाजले. तुझा चेहरा बघवेना. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहून येईल त्या गाडीला हात करत होतीस. शेवटी दुधाचे कॅन नेणारा टेम्पो थांबला आणि आपण चौघी मागं कॅनांच्या मध्ये उभ्या राहिलो. वाटेत वहिनींचा फोन. तू एका कानावर हात दाबून सांगितलंस, 'रंकाळ्यावरच हाय की वैनी, लई गर्दी हाय, निगालोच.' त्याच क्षणी टेम्पोवाल्यानं कर्कश हॉर्न मारला आणि कॅन एकमेकांवर आपटले. शांतव्वा देवाचं नाव घ्यायला लागली. पाच वाजून गेल्यावर तू त्या घराच्या कोपऱ्यावर उतरलीस आणि चप्पल हातात घेऊन पळालीस. मी लॉजवर येऊन फोनकडं बघत बसले. तुझा निरोप आला, बोलून पाठवलेला, कुजबुजत: 'ताई, आज्जी झोपलीया. कुनी काय बोललं न्हाई. पर माजं काळीज अजून पन्हाळ्यावरच हाय.'

त्या पायऱ्यांवरचे तुझे निळे ओठ मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी दर फोनला विचारायचे, डॉक्टरकडं गेलीस का. तू म्हणायचीस, पुढच्या बारीला. डॉक्टरकडं गेलं की तो विश्रांती सांगणार, विश्रांती घेतली की त्या नवीन बाई बघणार, हा तुझा हिशेब. शेवटी मी म्हटलं, या रविवारी मी येते आणि मीच नेते तुला, दवाखान्याचं कार्ड काढताना नाव मी सांगेन, तू गप्प बस. तू हसलीस. 'कुठलं सांगशीला?'

तू मला नेहमीसारखं अहोजाहोच केलंस, पण त्या दिवशी तुझ्या आवाजात असं काही होतं की मला ते तू म्हटल्यासारखंच वाटलं.

मी त्यासाठीच येत होते, जैबून. गुरुवार होता. सावंतवाडीहून गाडीत बसले होते, म्हटलं तीन दिवस आधी पोचू, डॉक्टरची वेळ घेऊन ठेवू. आंबोलीच्या स्टॉपवर गाडी चहाला थांबली आणि सुशीचा फोन आला.

'ताई, जैबून गेली.'

मला वाटलं गावाला गेली. मी विचारलंसुद्धा, कधी येणार?

 हुंदक्यांमधून जे कळलं ते असं: सकाळी तू आज्जींना अंघोळ घातलीस, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलीस आणि ओट्याला धरून खाली बसलीस. वहिनींनी आणि त्यांच्या यजमानांनी, दादांनी, स्वतः उचलून गाडीत घालून तुला दवाखान्यात नेलं. पण उपयोग झाला नाही. तिथं सगळीकडं जया म्हणून लिहिलं. तुझ्या फोनमधून वहिनींना सुशीचा नंबर सापडला. त्यांनी सांगितलं, नीलमला बोलावून घे, बाकीचं आम्ही बघतो. दादा पंचगंगेच्या घाटावर तयारी करायला गेलेत.

'ताई, त्या तिला जाळत्यात,' सुशी म्हणाली. 'मला सांगायचं धाडस व्हईना. नसीमला फोन केलाय, ती रस्त्यात हाय, तिचा मामा गारगोटीवरनं निगालाय. त्ये पोचायच्या आत जर... मी काय करू ताई? शांतव्वा म्हंती सांग. माज्या तोंडातनं शब्दच फुटंना. माजी वैनी मला आजच्या आज काढंल.'

मी तिच्याकडून तुझ्या वहिनींचा नंबर घेतला. चहाच्या टपरीमागं जाऊन उभी राहिले. नंबर दोनदा चुकला. तू काय म्हणाली होतीस ते मला आठवत होतं. मेल्यावर बी सांगू नगा. आणि तू दुसऱ्या नावानं त्या घाटावर जाशील, नसीम पोचेल तेव्हा तिला आईचं तोंडही दिसायचं नाही, हेही डोळ्यांपुढं दिसत होतं. मला विचार करायला वेळ नव्हता. खरं तर वेळ असता तर मी घाबरून गप्प बसले असते की काय, कोण जाणे.

वहिनींनी फोन उचलला. मी म्हटलं, मी जयाची मैत्रीण. तर त्याच रडायला लागल्या. 'काय हो झालं हे! सकाळी तर चांगली होती. तुम्ही येताय ना? आम्ही सगळं व्यवस्थित करतोय. नीलमला कशाची झळ लागू द्यायची नाही. घरातलीच होती ओ ती आमच्या.'

इतकं चांगलं बोलणाऱ्या माणसाला ते सांगणं फार अवघड गेलं मला. मी एका दमात सांगितलं. 'वहिनी, ती मुसलमान होती. तिचं नाव जैबून. मुलीचं नाव नसीम. तिला दफन करायचं असतं. कृपा करून थांबा, तिची माणसं वाटेत आहेत.'

 फोन बंद पडला की काय म्हणून मी बघितलं. चालू होता.

'काय म्हणालात?'

मी पुन्हा सांगितलं. आणि म्हटलं, 'सुशीची काही चूक नाही.'

'अहो पण...' त्या म्हणाल्या. 'देवघर... आज्जींच्या देवांचं सगळं ती...' आणि थांबल्या. कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हॉर्न वाजवत होता. मी फोन कानाला धरून पळतच गाडीत चढले, 'वहिनी, थांबाल ना?' असं ओरडत. सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. पुढं जंगल लागलं आणि रेंज गेली.

आंबोली ते आजरा हा रस्ता फार सुंदर आहे असं मी तुलाच सांगितलं होतं. त्या दिवशी तो संपता संपेना. फोन खिडकीबाहेर धरला, वर धरला, बंद करून चालू केला. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी आजारी आहे का? मी हो म्हटलं. त्या क्षणी तुला गेलेली म्हणणं मला जमलं नाही. मनात एकच घोळत होतं: त्या चिडल्या असतील. त्यांनी हात झटकले असतील. तुला तिथंच टाकून निघून गेल्या असतील. किंवा ऐकून न ऐकल्यासारखं करून घाटावर नेलं असेल. दोन्हींत तुझी मीच वाट लावली असती.

आजरा आलं तसा फोन वाजायला लागला. सुशीचे चार-पाच निरोप. शेवटचा मी आधी ऐकला. 'ताई, वैनीनं मला फोन केलता. रागावल्या न्हाईत, का काय बोलल्या न्हाईत. निस्ता नंबर मागितला. म्हनल्या, नसीमचा नंबर दे. नीलम न्हाई म्हनल्या, ताई. नसीम म्हनल्या.'

तेव्हा मी रडले. त्या शेजारच्या बाईनं माझा हात धरून ठेवला, गडहिंग्लज येईपर्यंत.

दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन कलत होतं. तुझा भाऊ आणि जावई आत नावाची दुरुस्ती करून घेत होते. दादाही त्यांच्याबरोबर होते, घाटावरून तडक आलेले. नसीम तुझ्यापाशी होती. बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, मांडीवर तुझ्या कपड्यांची पिशवी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण लगेच ओळखलं. तुझं सांगणं इतकं नेमकं असायचं. मी शेजारी बसले.

'तुम्हीच का फोनवर?' त्या म्हणाल्या. मी मान हलवली. 

'तिनं आम्हाला सांगितलं का नाही ओ? आम्ही काय खाल्लं असतं तिला?'

मी इतके महिने तुझ्याशी ज्यावरून भांडले तेच त्या म्हणत होत्या. मला बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, 'पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?'

त्यांनी पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'खरं सांगू? नसतं ठेवलं.' आणि पिशवी मांडीवर सारखी करत, 'नंतर कधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. मी दुपारपासून तेच शोधतेय.'

जैबून, तू बरोबर होतीस. हे तुला सांगायचं राहिलं होतं. मी बाकावर बसून शहाणपण शिकवत होते आणि तू त्या घरातला प्रत्येक श्वास मोजून राहत होतीस. तुला त्या माणसांचा चांगुलपणाही ठाऊक होता आणि तो कुठपर्यंत पोचतो तेही. पण मग मी सांगितल्यावर वहिनी थांबल्या, हेही खरं आहे ना? दादा घाटावरून मागं फिरले, हेही खरं आहे. आपल्या भांडणात मी हे तुझ्यापुढं टाकलं असतं आणि तू म्हणाली असतीस, 'पावणं, त्यासाटी मराय लागलं की मला.'  

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या गावी तुला माती दिली. आम्ही बायका अंगणात होतो. नसीमला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की ती कुठंतरी नीलमही होती. 'मी? नीलम?' म्हणाली आणि तोंडावर ओढणी दाबून हसायला लागली, आणि ते हसणं कधी रडणं झालं ते कळलं नाही. शांतव्वानं येताना शेवंतीची वेणी आणली होती, पण इथं चालतं का म्हणून हातातच धरून बसली होती. तुझ्या चुलतीनं ती घेतली आणि तुझ्या अंगावरच्या चादरीवर ठेवली. दादा कबरस्तानापर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांचे हात मातीनं भरलेले होते, आणि तुझ्या भावानं तांब्यानं त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

सुशीची काळजी आहे. वहिनी तिला एवढंच म्हणाल्या, 'तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस.' नणंदेला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, सांगणार नाही असंही म्हटलेलं नाही. सुशी त्या घरात भांडं पडलं तरी दचकते. म्हणून तिचा फोन आला की मी श्वास धरते.

आणि आज्जी. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गावाला गेलीय म्हणून वेळ मारून नेत होते. नवीन बाई ठेवलीय, तिच्या हातचं त्या खात नाहीत. वहिनींनी मला बोलावलं. 'तुम्ही बघा बोलून. मला जमत नाही,' म्हणाल्या. मी गेले. ज्या घराच्या कोपऱ्यावरून तू मला नेहमी परत पाठवायचीस, त्या घरात मी पहिल्यांदा शिरले. देवघरातला दिवा कुणीतरी लावलेला होता.

आज्जी तू सांगायचीस त्याहून लहान निघाल्या, पाखरासारख्या. मी पलंगाजवळ खुर्ची ओढली. ठरवलं होतं की खरं तेच सांगायचं, एकदा सांगितलंय तर आता शेवटपर्यंत. हळूच म्हटलं, 'आज्जी, तुमची जया आता यायची नाही. ती देवाघरी गेली. तिचं खरं नाव जैबून होतं.'

वहिनी दारात उभ्या होत्या, भिंतीला धरून.  तू ज्या क्षणाला इतकी भ्यायचीस, तो माझ्यासमोर होता.

आज्जींनी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं. 'जैबून?' त्या म्हणाल्या. 'ती कोन? मला न्हाई ठावं. मला जया पायजे.'

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात चाचपला. 'तुमी कोन?'

'मी तिची मैत्रीण.'

'मग बसा की,' आज्जी म्हणाल्या. 'ईल ती आत्ता. कापडं काढाय गच्चीवर गेली असंल.'

मी बसले. वहिनीही आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. संध्याकाळ होत आली होती.  आज्जींची नजर जिन्याच्या दाराकडं लागली होती, आणि जैबून, खरं सांगते, मीही तिकडंच बघत बसले.